आयर्लंड की माल्टा? नर्सिंगच्या नोकरीसाठी कुटुंबासह जाताना

प्रश्न : जुळे सोलापूर

नमस्कार. माझी पत्नी येथील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि तिच्यापुढे आयर्लंड व माल्टा असे दोन पर्याय आहेत. मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. मुलगी दुसरीत आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसांनी आयर्लंडच्या पावसात कुढण्यापेक्षा भूमध्य समुद्रातले माल्टा बरे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. दोन्ही देश बेटांवरचे, दोन्ही युरोपीय संघातले, दोन्हीकडे इंग्रजी आणि युरो. मग रोजच्या जगण्यात फरक नेमका कोठे पडतो, हे तेथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : कॉर्क, आयर्लंड

हवामानाचा मुद्दा आधी निकालात काढतो. डिसेंबरात येथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहिला हिवाळा जड जातो. पण त्यावरून देश निवडू नये. खरा प्रश्न तुम्हाला स्वतःला काम करता येईल का, हा आहे. नोंदणीकृत परिचारिकेचे काम येथे ‘क्रिटिकल स्किल्स’ यादीत, म्हणजे तुटवडा असलेल्या कौशल्यांच्या यादीत येते आणि त्यासाठी कामाचा वेगळा परवाना मिळतो. त्या परवान्यावर आलेल्या व्यक्तीच्या पतीला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते, सुमारे दोन वर्षांनी त्या परवान्याचे बंधन सुटते आणि पाच वर्षांच्या वैध वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याआधी नर्सिंग मंडळाची छाननी, इंग्रजीची परीक्षा आणि इथे आल्यावर रुग्णालयातील अनुकूलन प्रशिक्षण किंवा क्षमता चाचणी हे टप्पे असतात. ते पुरे होईपर्यंत पत्नीला एकटीलाच राहावे लागेल, हे गृहीत धरा.

घर ही येथली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. डब्लिनमध्ये दोन खोल्यांच्या सदनिकेचे भाडे महिना दोन हजार युरोंच्या पुढे जाते, आणि तेवढे मोजायची तयारी असली तरी घर मिळतेच असे नाही. एका रिकाम्या घरासाठी दारात रांग लागते; घरमालक नोकरीचे पत्र मागतो, आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र मागतो, आणि नवख्या माणसाकडे हे दुसरे पत्र असणार तरी कोठून? सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांची वेतनश्रेणी देशभर एकच आहे, त्यामुळे डब्लिनचा हट्ट धरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. डॉक्टरांकडे एकदा जायचे तर पन्नास-साठ युरो लागतात (आठ वर्षांखालील मुलांना ही भेट मोफत आहे) आणि सरकारी रुग्णालयात तज्ज्ञांची वेळ मिळायला महिनोन्महिने जातात.

प्रतिसाद : बिर्किरकारा, माल्टा

मी माल्टात राहतो, तरीही तुमच्या परिस्थितीत आयर्लंडकडेच कल देईन. हा देश अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीच्या दुपटीहून लहान, आणि त्यात पाच लाखांहून अधिक माणसे राहतात. येथे नदी नाही. नळाला येणारे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते. सोलापुरातल्यासारखी चार-पाच दिवसांआड पाण्याची वाट पाहावी लागत नाही, पण त्या पाण्याला खारट चव असते, म्हणून पिण्यासाठी बाटल्यांचे गठ्ठे जिन्याने वर वाहावे लागतात. उन्हाचे म्हणाल, तर ते भरपूर आहे. पण चुनखडीच्या घरांना हिवाळ्यात अशी ओल येते, की कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते.

सोयीही आहेत. रहिवाशांना कार्डावर बसप्रवास मोफत आहे, वीज आयर्लंडच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे, आणि माल्टा शेंगेन क्षेत्रात असल्याने येथला परवाना हाती असला की इटलीला किंवा फ्रान्सला फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. आयर्लंडहून तो लागतो. पण २०२५ साली आयर्लंडचे किमान वेतन तासाला १३.५० युरो होते, तर माल्टात पूर्ण आठवड्याला सुमारे २२२ युरो. तुम्हाला हिशेबाचे काम लगेच मिळाले नाही आणि एखाद्या गोदामात उभे राहावे लागले, तर हा फरक घरखर्चात रोज जाणवेल. कायम वास्तव्याचा दीर्घकालीन दर्जा पाच वर्षांनी मागता येतो, त्यासाठी माल्टी भाषेची परीक्षा द्यावी लागते. नागरिकत्व मात्र मंत्र्यांच्या मर्जीवर असते, म्हणून त्या भरवशावर मुलीच्या शिक्षणाचे बेत आखू नयेत.

पुन्हा प्रश्न : जुळे सोलापूर

दोघांचे मनःपूर्वक आभार. माझी आई आमच्याजवळच असते. तिला पुढे बोलावून घेता येईल का?

प्रतिसाद : कॉर्क, आयर्लंड

भेटीच्या व्हिसावर त्या एका वेळी नव्वद दिवसांपर्यंत राहू शकतील. वृद्ध पालकांना कायमचे आणण्याचे नियम मात्र फार कडक आहेत. उत्पन्नाची अट इतकी वरची आहे, की दोघांचे पगार चांगले असूनही अनेकांचा अर्ज पुढे सरकत नाही. त्यांच्याजवळ सोलापुरात कोण राहणार, हे ठरल्याशिवाय करारावर सही करू नका. येताना शेंगाचटणी आणायला हरकत नाही, पण तूप आणि पेढे सामानात ठेवू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे.