निवृत्त लढाऊ विमानांचे सुटे भाग संग्रही ठेवणे: जतन की मोडतोड?

धागाकर्ता:
लढाऊ विमान सेवेतून निवृत्त झाले की त्याच्या वाट्याला संग्रहालय, एखादा चौथरा किंवा भंगाराची भट्टी येते, आणि पहिल्या दोन गोष्टी मोजक्याच विमानांना लाभतात. मिग-21 ची दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. ती सगळी सांभाळणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून भट्टीकडे निघालेल्या विमानातून जो एखादे उंचीमापक किंवा जेट इंजिनातल्या टर्बाइनचे पाते सोडवून आणतो, तो जतनाचेच काम करतो, असे माझे ठाम मत आहे. निकेलच्या मिश्रधातूचे, अनेकदा एकाच स्फटिकाच्या रूपात ओतलेले हे पाते आतून पोकळ असते. त्या पोकळीतली हवा बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर पातळ आवरण धरते, आणि म्हणूनच त्या धातूच्या वितळणबिंदूहून अधिक तापलेल्या वायूच्या झोतातही ते टिकते. ही छिद्रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर जे उमगते, ते छायाचित्राने उमगत नाही.

प्रतिसाद 1:
असहमत. आपण ज्याला निवृत्त म्हणता ते विमान दुसऱ्या एखाद्या देशात अजून उडत असू शकते. अमेरिकी नौदलाने एफ-14 हे विमान 2006 मध्ये निवृत्त केले. परंतु 1979 च्या क्रांतीपूर्वी इराणला अशी 79 विमाने मिळाली होती आणि त्यांना सुट्या भागांची निकड होती. त्यामुळे 2007 च्या सुरुवातीस या भागांची विक्री थांबवण्यात आली आणि पुढे साठवणीतली विमानेही तुकडे करून नष्ट करण्यात येऊ लागली. संग्राहकाचा हेतू कितीही निर्मळ असो, त्याच्याकडून तो भाग पुढे कोणाच्या हाती जाईल याची हमी तो देऊ शकत नाही.

धागाकर्ता:
राडार, इंजिनाचे नियंत्रक आणि शस्त्रांशी संबंधित भाग यांच्याबाबत मला आपले म्हणणे मान्य आहे. मात्र भेग गेलेले पाते कोणत्याही इंजिनात पुन्हा बसत नाही, आणि जगात कोठेही न उडणाऱ्या जातीच्या वेगमापकाला हा नियम लावण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद 2:
धोक्याचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. जुन्या जेट विमानांतील उपकरणांच्या काही तबकड्यांवर अंधारात चमकणारा, किरणोत्सर्गी रेडियमयुक्त रंग असे. त्याची चमक काही दशकांत जाते, कारण त्यातील झिंक सल्फाइड निकामी होते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे 1600 वर्षे आहे. अशी तबकडी कधीही उघडू नये आणि तिची काच फुटलेली असेल तर ती घेऊच नये. इजेक्शन सीटमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनात, स्फोटक काडतुसे असतात, आणि हॅरियर व हॉक या विमानांत तर कॉकपिटच्या पारदर्शक छतावरच स्फोटक दोरी बसवलेली असते. ही सर्व स्फोटके काढल्याचा लेखी दाखला नसेल, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

प्रतिसाद 3:
एका जुन्या जेटचे कॉकपिट पूर्वस्थितीत आणण्याच्या कामात मी चार वर्षे आहे, आणि माझा आक्षेप सुरक्षेचा नसून ‘जतन’ या शब्दालाच आहे. आमच्या हाती कॉकपिट आले तेव्हा उपकरणफलकावर गोल भोके तेवढी उरली होती आणि मागच्या तारा जोडापाशी न सोडवता कात्रीने तोडलेल्या होत्या. फलक अखंड विकण्यापेक्षा तबकड्या एकेक करून विकल्या की पैसे अधिक मिळतात, आणि ती मागणी संग्राहकच निर्माण करतात. त्यातली एकेक तबकडी शोधताना खरी अडचण समजली. नाटो देशांच्या भागांवर 13 आकडी साठा क्रमांक असतो. त्यावरून तो भाग कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या देशाने त्याची नोंद केली हे कळते. तो कोणत्या विमानातून निघाला हे कळत नाही. ते काढतेवेळी कोणी लिहून ठेवले नाही, तर ती माहिती कायमची गेली. आपण पाते वाचवलेत, पण ते कोणत्या विमानाचे, किती तास चाललेले आणि का काढलेले, हे आपल्याला ठाऊक आहे का?

धागाकर्ता:
नाही. माझ्याकडील बहुतेक भागांबाबत मला हे सांगता येणार नाही आणि याची खंत वाटते. यापुढे विमानाचा क्रमांक नोंदलेला नसेल तर मी भाग घेणार नाही.

प्रतिसाद 4:
अपघातस्थळावरून उचललेल्या तुकड्यांचा विचार वेगळा व्हावा. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अवशेषांना संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय तेथे उत्खनन करता येत नाही. जेथे वैमानिकाने प्राण गमावले, तेथील धातू कपाटात ठेवायची वस्तू नव्हे.

प्रतिसाद 3:
धागाकर्त्यांचा निर्णय स्वागतार्ह आहे, पण तो पुरेसा नाही. अखंड फलकातून तोडून काढलेला भाग, त्याची नोंद असली तरी, घेऊ नये. हे आपल्याला मान्य आहे का?

धागाकर्ता:
पूर्णपणे नाही. फलक अखंड घेणारा कोणी पुढे आला, तर मी बाजूला होईन आणि शक्य असेल तर त्याला पैशांची मदतही करीन. परंतु विमान तोडण्याची तारीख ठरलेली असेल आणि घेणारा कोणीच नसेल, तर त्या तारा माझ्या कात्रीने नाही तरी तोडणीच्या करवतीने तुटणारच आहेत. अशा वेळी क्रमांक लिहून, फलकाचे छायाचित्र घेऊन आणि जोड नीट सोडवून मी ती तबकडी काढून आणीन. आपल्या कॉकपिटला माझ्याजवळचे एखादे उपकरण जुळत असेल, तर यादी पाठवावी; ते मी विनामूल्य देईन.