मदत हवी आहे : रायचूर दुआबासाठीच्या दीर्घ संघर्षाचे मूळ कारण

सप्रेम नमस्कार. बहमनी आणि विजयनगर या राज्यांमधील संघर्षावर मी एक लेख लिहीत असून त्यातील कारणमीमांसेबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला सुपीक दुआब, त्यातील रायचूर व मुदगलचे किल्ले आणि गोवा, दाभोळ यांसारख्या बंदरांतून येणारे अरबी घोडे ही कारणे सर्वत्र सांगितली जातात. मला स्वतःला घोड्यांचा व्यापार अधिक निर्णायक वाटतो, कारण दख्खनमध्ये चांगल्या जातीचे घोडे फारसे निपजत नसत आणि घोडदळाशिवाय दुआब जिंकला तरी तो राखणे अवघड होते; बहमनी वजीर महमूद गावानने गोवा जिंकण्याचा आटापिटा केला तो, माझ्या मते, याचमुळे.

या संघर्षाकडे केवळ धर्मयुद्ध म्हणून पाहणे मला पटत नाही. 1520 मध्ये कृष्णदेवरायाने रायचूर घेतले, पुढे विजयनगरचा सूत्रधार रामराया याने, बहमनी राज्य फुटून झालेल्या विजापूर व अहमदनगर या सल्तनतींपैकी विजापूरच्या बाजूने अहमदनगरवर स्वारी केली, आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईत हेच विजापूर व अहमदनगर त्याच्याविरुद्ध एकत्र आले. रामराया मारला गेला, राजधानी उद्ध्वस्त झाली, दुआब विजापूरकडे गेला.

फारसी इतिहासकार फिरिश्ता विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता, त्यामुळे त्याचे वृत्तांत कोणत्या शिलालेखांशी ताडून पाहावेत? घोड्यांच्या व्यापारावर मराठीत किंवा कन्नडमध्ये अभ्यासपूर्ण लेखन असल्यास कृपया नावासह सुचवावे. माझ्या मताला छेद देणारे पुरावेही अवश्य कळवावेत.