पोट्टं गेममधून अमेरिकेचा इतिहास शिकते, खरं असते का?

कपाशीवाला: राजेहो, पोट्टं आठवीत हाय, दिवसभर 'मिशन यूएस' खेळते. 1770 चं, इंग्रजाच्या राज्यातलं अमेरिकेचं बोस्टन शहर, 14 वर्षाचा नॅट छापखान्यात काम शिकाले येते अन् इंग्रजाकडून का त्याईच्या विरोधात हे आपणच ठरवाचं. यातून इतिहास समजते का नुसता टाइमपास?

वर्धेकर_मास्तर: समजते ना भाऊ. 5 मार्च 1770 ले बोस्टनमधी इंग्रज सैनिकायनं लोकायवर गोळ्या झाडल्या, 5 जण मेले, हे खरंच झालतं. गेममधी भारी हे का ती घटना प्रत्येक पोराले थोडी वेगळी दिसते, मंग पोट्टे भांडते का पहिले सुरू कोनं केलं, अन् कोर्टातबी साक्षीदारायचं असंच झालतं. सैनिकायचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सनं घेतलं, 8 पैकी 6 निर्दोष सुटले. थोच अ‍ॅडम्स पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पाय आता!

चहाबाज: अन् 1773 ले बोस्टनच्या बंदरात तिथल्या लोकायनं इंग्रजाच्या विरोधात 342 पेट्या चहा पान्यात फेकला थो ईस्ट इंडिया कंपनीचाच होता बे, आपल्यावर बसली तीच. हे सांग त्याले, पुस्तकातले दोन धडे आपोआप जुळते.

कपाशीवाला: सांगतो. पन गेम इंग्रजीत हाय, दर वाक्याले मलेच इचारते अन् मले कुठं येते बाप्पा! त्यात लाइन गेली का नॅट छापखान्यातच अटकते.