केशवराव आणि तुम्ही : आपापला अनुभव लिहा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. त्या रात्री शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानात उभी होते. रडणाऱ्यांत नट होते, तसे कधी नाटकाचं तिकीट न काढलेलेही होते. शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर, पुढे त्याला केशवरावांचं नाव, हे आपण सगळेच घडाघडा सांगतो. ते इथं नको. तुमचा त्या वास्तूशी संबंध कसा आला आणि तो आणखी कुणापर्यंत पोचवायचा प्रयत्न केलात का, एवढंच या धाग्यावर लिहा. फसलेला प्रयत्न असेल तर आधी तो.

स्पॉटवाला

बावीस वर्षं लाइट केले. लोकांनी थिएटर समोरून बघितलं, आम्ही वरून. आगीनंतर आर्किटेक्चरची दोन पोरं माझ्याकडं आली. मी शंभर पानी वहीत आठवून आठवून काढून दिलं : लाइट टांगायचा कुठला बार कुठं होता, विंगेतून मेकअप रूमकडं अंधारात जाताना कितव्या पावलाला वळायचं. त्यांच्याकडं मापं सगळी होती. पण कुठल्या फळीवर पाय पडला की करकर वाजायचं, ते कुठल्या नकाशात असतंय? गंभीर प्रवेशात आम्ही ती फळी टाळून जायचो. नवीन पोराला पहिल्या दिवशी दाखवायची पहिली गोष्ट तीच. त्या पोरांनी नकाशावर तिथं फुली मारून घेतली. बरं वाटलं.

राजारामपुरीकर

(कोल्हापूरची आहे, त्यामुळं 'मी गेलो'च म्हणणार. पुण्याच्या मंडळींनी दुरुस्त्या सुचवू नयेत.)

आमच्या भिशीत चौदा बायका. बालगंधर्व सगळ्यांना माहीत. केशवराव म्हटलं की, "ते थिएटर होय?" मग एका भिशीला मी गोष्टच सांगितलो. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' नाटक. नायिका भामिनी बालगंधर्व आणि नायक धैर्यधर आमच्या कोल्हापूरचे केशवराव. दोन कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. एकतीस वर्षांचं वय! एकजण पटकन म्हणाली, "माझ्या धाकट्याएवढा की गं." त्यानंतर पोह्यांच्या बशा बराच वेळ तशाच राहिल्या. पुढच्या महिन्यात भिशी खाऊगल्लीत ठेवली. आधी थिएटरसमोर उभं राहायचं, मग भेळ.

शाळेतल्या बाई

आगीच्या दोन वर्षं आधी सहावीचा वर्ग घेऊन गेले होते. माहिती सांगायला लागले तर मुलं खुर्च्या आपटण्यात दंग. शेवटी माइक बंद करायला लावला, एकेकाला रंगमंचावर पाठवलं आणि मी मागच्या रांगेत बसून हजेरी घेतली. ओरडायचं नाही, नेहमीच्या आवाजात "हजर" म्हणायचं. वर्गात जिचा आवाज मला पहिल्या बाकावरून ऐकू येत नाही, तिचा "हजर बाई" तिथं पोचला. रंगमंचाखाली विहीर आहे असं आमच्या लहानपणी सगळे सांगायचे. मी ते मुलांना सांगायला नको होतं. अर्धा वर्ग पालथा पडून फटीतून पाणी शोधत बसला.

ती मुलगी आगीनंतर भेटली. म्हणाली, "बाई, माझा आवाज आतच राहिला."

लाल माती

धागा चांगला हाय, पन खरं बोलू का? माझं घर मंगळवार पेठेत, थेटरापासनं चालत पाच मिनिटं. चाळीस वर्षांत आत दोनदा गेलोय. एकदा भाचीचं गॅदरिंग, एकदा खुर्च्या उतरायला. वडील खासबागेत कुस्त्या करायचे. मैदान १९१२ चं, थेटर १९१५ चं, दोन्ही महाराजांचीच आन् एकमेकाला खेटून. महाराजांनी पैलवान आन् नट शेजारी बसवले. वारसा वारसा करणाऱ्यांनी मधली भिंत उंच केली. आगीनंतर एक सभा झाली, नाव घेत न्हाई. पैल्या दोन रांगा राखीव. आमी दारात उभं. त्या रात्री बादल्या घेऊन पळालो तवा कुनी रांग इचारली न्हवती.

लोकांस्नी जोडायचं म्हंता, तर पत्रिका छापू नका. तालमीत या.

धागाकर्ती

सभेला मी होते. तिसऱ्या रांगेत. तुमचं बरोबर आहे.

तिसरी घंटा

लाल माती, आम्ही आलो होतो की तालमीत! गेल्या हिवाळ्यात. आमचा कॉलेजचा ग्रुप. स्पर्धेच्या एकांकिकेला जागा मिळेना, एका तालमीच्या वस्तादांनी वरची खोली दिली. अट एकच : चप्पल बाहेर आणि नऊनंतर आवाज नाही. आपल्याकडं 'तालमीला चाललोय' म्हटलं की घरचे विचारतात, मातीतल्या की नाटकाच्या? आम्हाला पहिल्यांदाच 'दोन्ही' म्हणता आलं. जोर-बैठका झाल्या की पैलवान घाम पुसत दारात येऊन बसायचे. एकानं चौथ्या दिवशी विचारलं, "ह्यो हिरो सकाळपासनं बोलतोय, जेवतो कवा?" लेखक चिडला. पण गुपचूप एक प्रसंग बदलला आणि एकांकिकेतला सगळ्यात जमलेला प्रसंग आता तोच आहे.

आणखी एक. आमच्या ग्रुपचं वाक्य होतं, 'जाळ आन् धूर संगटच'. एंट्री घेताना ओरडायचो. त्या रात्रीनंतर कुणीच ओरडलेलं नाही. ठरवून नाही, असंच.

जुनी पेटी

माझा फसलेला प्रयत्न. वडिलांनी नाटकांच्या जाहिराती, हस्तपत्रकं जपून ठेवलेली, पत्र्याची एक पेटी भरून. प्रदर्शनासाठी एका संस्थेनं मागितली. विश्वासानं दिली. पावती मागायचा संकोच वाटला. परत आली तेव्हा निम्म्या कागदांना पाठीमागून चिकटपट्टी आणि सात-आठ कागद गायब. भांडायला गेलो तर म्हणाले, "कुठले कागद, यादी आहे का?" यादी नव्हती. वडील त्यानंतर पेटीजवळ गेले नाहीत.

तेव्हा गोळा करणाऱ्यांनो, घरी जाऊन फोटो काढा, कागद तिथल्या तिथं परत द्या. आणि देणाऱ्याला बोलू द्या. वडिलांना प्रत्येक कागदामागची गोष्ट माहीत होती. त्या संस्थेतल्या एकानंही ती विचारली नाही. कागदापेक्षा मला त्याचा जास्त राग आहे.

धागाकर्ती

जुनी पेटी, वडील असतील तर मी नुसती ऐकायला येते. फोनसुद्धा बाहेर काढणार नाही.

बाकीच्यांसाठी : रविवारी सकाळी आम्ही चारजण मिरजकर तिकटीजवळ बसतोय. घरात काही असेल तर घेऊन या. तिथंच फोटो काढू, वस्तू लगेच तुमच्या हातात. शेजारी एकजण वही घेऊन बसेल, तुम्ही सांगाल ते तुमच्याच शब्दांत उतरवेल. लाल माती, वहीवर तुम्ही बसाल का?

लाल माती

अक्षर बेकार हाय. पन बसतो.

उपनगरातून

माझ्याकडं तिकिटाचा फक्त अर्धा तुकडा आहे. पाकिटात राहिला. नाटक कुठलं होतं ते आठवत नाही. ही शेजारी होती, आमचं लग्न ठरायचं होतं, त्यामुळं नाटकाकडं लक्ष नव्हतं. असलं चालतं का?

धागाकर्ती

चालतं. खुर्ची नंबर दिसतोय का?

उपनगरातून

जी ११. तिचा जी १२.