मदत हवी आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची प्रश्नावली मराठीत आणतेय

नमस्कार. मी भूलशास्त्राची निवासी डॉक्टर. अमेरिकन पेन सोसायटीची 2010 ची सुधारित प्रश्नावली मराठीत आणून तिची वैधता तपासतेय. दोघांनी स्वतंत्र भाषांतर केलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत नेलं. तिथवर ठीक.

अडलं ते वॉर्डात. गर्भाशय काढलेल्या एका आजींना विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" त्या म्हणाल्या, "पडून असले की चार आणे, खोकला आला की बारा आणे." इतकं नेमकं उत्तर, आणि माझ्या रकान्यात बसेना! अडीच आणि साडेसात लिहायचं का? शिवाय ठणका, कळ, आग, ओढ हे सगळं एकट्या 'वेदना' शब्दात कोंबणं मला पटत नाही.

दुसरं, पुनर्चाचणी (उत्तरं स्थिर राहतात का हे पाहायला त्याच रुग्णाला तेच प्रश्न पुन्हा विचारणं) कधी घ्यावी? दोन दिवसांनी दुखणंच कमी झालेलं असतं. दोन तासांनी विचारावं तर आधीचं उत्तर आठवतं, मध्ये इंजेक्शनही झालेलं असतं. नुसता क्रोनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न आपसात किती जुळतात याचा आकडा) 0.70 च्या वर आला म्हणून भागेल असं वाटत नाही.

असं काम कुणी केलंय का? आणि विदर्भ, खानदेश, कोकणातल्यांनो, टाक्यांच्या दुखण्याला तुमच्या घरी काय म्हणतात, तेवढं जरूर लिहा.