हात गेलेल्याने लोकअदालतीत तडजोड करावी का?

सुमेधा
अपघातात माणूस कायमचा अधू झाला, क्लेम दाखल झाला, की विमा कंपनीकडून निरोप येतोच: लोकअदालतीत मिटवून टाकू. माझं मत, हात-पाय गेलेल्या केसमध्ये लगेच हो म्हणू नये. सगळी गोम टक्केवारीत आहे.

समजा ३२ वर्षांचा ड्रायव्हर, पगार महिना १८,०००. चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीने उडवलं, डावा हात गेला. सर्टिफिकेटवर अपंगत्व ६०%. वर्षाचे २,१६,०००, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४०%, झाले ३,०२,४००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची त्या आकड्याने, गुणतात; सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालात (२००९) या वयाला तो १६. एकूण ४८,३८,४००. कंपनी याचे ६०% धरते, म्हणजे २९ लाख, आणि त्यातही घासाघीस करते. पण एका हाताने ट्रक कसा चालवणार? त्याची कमाई शंभर टक्के बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एक नव्हे. तिथे उदाहरणच डाव्या हाताचं आहे: ड्रायव्हर किंवा सुताराचं नुकसान जवळपास १००%, सरकारी कारकुनाची मात्र नोकरी टिकू शकते. हा १९ लाखांचा फरक तडजोडीच्या टेबलावर कोणी बोलून दाखवत नाही.

जुना कारकून
असहमत. हिशोब बरोबर, पण कागदावर. कर्ता माणूस घरी पडलाय, हप्ते थकलेत, आणि तुम्ही म्हणता लढा! सर्टिफिकेट नुसतं जोडून भागत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते. तोवर त्याची बदली झालेली असते. मग समन्स, मग तारीख, मग पुढची तारीख. शेवटी निकाल लागला तरी कंपनी अपिलात जाते, आणि कायद्याने अपिलासाठी भरायचे जास्तीत जास्त २५,०००. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलच नाही, हे वरदान समजा.

सुमेधा
अपील नाही म्हणूनच भीती वाटते. उद्या कृत्रिम हात बदलायचा झाला, पुन्हा ऑपरेशन निघालं, तर कोणाकडे जाणार? आणि अपिलात कंपनीला निकालावर स्थगिती हवी असेल तर उच्च न्यायालय बहुधा रक्कम जमा करायला लावतं, त्यातली काही जखमीला काढूही देतं. अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळतं.

जुना कारकून
व्याजावर किराणा येत नाही हो. शिवाय जखमीचीही थोडी चूक निघाली तर तुमच्या ४८ लाखांना तिथेच कात्री. हे गणितात कुठे धरलंय?

खडूस
दोघेही वकिलाला विसरलात. टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना नियमाने बंदी आहे, पण किती जण पाळतात? कुणाला झटपट मिटवून पुढची केस घ्यायची असते, कुणाला आकडा फुगवायचा असतो. अशिलाला विचारतो कोण! आणि आधी दावा वेळेत लावा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. लोक दवाखान्याच्या धावपळीत ती घालवून बसतात.

सुमेधा
मुदतीचं अगदी खरं. कारकूनकाका, चूक दोघांची असेल तर मीही तडजोडच सुचवेन. इथे समोरचा चुकीच्या बाजूने आलाय, पंचनाम्यात तसं लिहिलंय. डॉक्टर येत नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून त्याची साक्ष दवाखान्यातच नोंदवता येते, तसा अर्ज करायचा. 'हा माणूस पुन्हा गाडी चालवू शकणार नाही' हे वाक्य एकदा रेकॉर्डवर आलं की कंपनीचा आकडा हलतो. मग खुशाल लोकअदालतीत जा.

जुना कारकून
कमिशनरचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम. घरात दुसरा कमावता नसेल तर २९ लाख घ्यावेत आणि मोकळं व्हावं.