मदत हवी आहे: प्रीफिक्स-सफिक्स तोंडपाठ, पण वाक्यात चुकतात

काळी_माती (यवतमाळ जिल्हा):
गावात नववी-दहावीची 14 लेकरं संध्याकाळी इंग्रजीला बसतात, सगळी मराठी माध्यमाची. 'अन', 'इन', 'डिस', 'नेस', 'मेंट' घडाघडा म्हणतात. लिहायला दिलं की 'अनलीगल', 'डिसरेग्युलर'. रिकामी जागा आली की 'ही इज अ सक्सेस फार्मर'. नेट धड चालत नाही, त्यामुळे ॲप सुचवू नका. महिनाभरात काय करून घेता येईल?

तिसरी_घंटा:
भाऊ, आधी ती यादी बंद करा. यादीत नुसत्या शेपट्या असतात, जनावर नसतं. लेकरांच्या तोंडी रोज असलेले शब्द घ्या: थ्रेशर, हार्वेस्टर, स्प्रेअर, कल्टिव्हेटर, स्टार्टर, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर. प्रत्येकातलं क्रियापद सोलून काढायला लावा. मग स्पेलिंग. 'एट'ने संपणारी लांब क्रियापदं 'ओ-आर' घेतात आणि शेवटचा 'ई' गाळतात: कल्टिव्हेटर, जनरेटर, ऑपरेटर. थ्रेशर, स्प्रेअरला 'ई-आर'.

कोणीतरी 'मोटर'मधून 'मोट' काढेलच. ती मोट आपल्या विहिरीवरची, इंग्रजीतली नव्हे! 'कुकर'ही फसवतो: ते भांडं, स्वयंपाक करणारा तो 'कुक'.

त्यानंतर खताची गोणी. वहीत चार रकाने: क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण. फर्टिलाइज, फर्टिलायझर, फर्टिलिटी, फर्टाइल, इन्फर्टाइल. चौथा रकाना इथं कोराच राहू द्या. बळेच भरायला लावला की लेकरं नसलेले शब्द पैदा करतात. बियाण्याच्या पिशवीवरून जर्मिनेशन-जर्मिनेट, विद्राव्य खताच्या पुड्यावरून सोल्युबल-इन्सोल्युबल-सोल्युशन. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली मात्र वर्गात येऊ देऊ नका, लेबलचा फोटो पुरे.

वऱ्हाडी_व्याकरण:
'अनलीगल' काहून होतं ते सांगतो. 'संबंध' म्हणून पाहा, अनुस्वाराचा 'म' होतो, कारण पुढच्या 'ब'साठी ओठ मिटायचेच असतात. 'संत' म्हणताना तोच 'न' होतो. 'इन'चं अगदी तसंच आहे. पी, बी, एमच्या आधी 'इम': इम्परफेक्ट, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. एलच्या आधी 'इल', आरच्या आधी 'इर'. हे लेकरांना एका मिनिटात पटतं.

पण हा बदल फक्त 'इन'चा. 'अन' जागचा हलत नाही, 'अनपॉप्युलर' तसाच राहतो. कोणत्या शब्दाला 'अन' आणि कोणत्याला 'इन', हे शब्दागणिक पाठ करावं लागतं. तिथं सूट नाही.

स्पेलिंगसाठी मधे उभी रेघ मारायला लावा. इल । लीगल, म्हणून दोन एल. अन । नेसेसरी, दोन एन. डिस । सॅटिस्फाइड, दोन एस. डिस । अपिअर मात्र एक एस आणि दोन पी, कारण 'अपिअर'मध्येच दोन पी आहेत. 'डिसअपिअर'ला दोन एस लिहिणारे याच रेघेने सुधारतात.

काळी_माती:
संबंध-संत उद्याच घेतो. रिकाम्या जागेचं काय करू?

तिसरी_घंटा:
कंसातला शब्द हाताने झाकायला सांगा. आधी जागा ओळखायची, शब्द नंतर. 'अ' आणि 'फार्मर' यांच्या मधे विशेषण बसतं, म्हणून सक्सेसफुल. 'शी वर्क्ड'नंतर काम कसं केलं ते हवं, म्हणून सक्सेसफुली. 'हिज'नंतर वाक्य तिथंच संपलं तर नाम, सक्सेस. 'फुल'ला शेवटी एकच एल, 'फुली'त दोन, कारण दुसरा 'ली'चा.

एवढं जमलं तरी एक खड्डा उरतो. 'द रेन्स फेल्ड, सो द सोइंग वॉज …' इथं जागा विशेषणाचीच, पण पाऊसच आला नाही, तर पेरणी साधेल कशी? उत्तर अनसक्सेसफुल. लेकरं जागेच्या अलीकडचं वाचत नाहीत आणि गुण तिथंच जातात. पूर्ण वाक्याचा अर्थ आधी मराठीत तोंडी सांगायला लावा.

रोज 5 मूळ शब्द, प्रत्येकाची 4 वाक्यं, चारही जागा वेगवेगळ्या. वीस वाक्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. 20 वेगळे शब्द दिले तर लेकरं अंदाजाने ठोकतात. एकच शब्द चारदा आला की रूप का बदललं याकडे बघावंच लागतं.

वऱ्हाडी_व्याकरण:
'वाय' राहिला. हॅपीचं हॅपिनेस होताना वायचा आय होतो. वायच्या आधी स्वर असला की वाय तसाच: प्लेअर, एम्प्लॉयमेंट. 'डे'वरून 'डेली' हा अपवाद, तो फळ्यावर वेगळा लिहून ठेवा.